तोंडात दोरा

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. नंतर सांगीन म्हटलं तर मी ते नीट, शहाण्यासारखं सांगीन आणि त्यातलं खरं निघून जाईल. तर, माझी डावी भुवई अर्धी गेलीये. मी आमच्या नाशिकच्या, इंदिरानगरच्या घरात आतल्या खोलीत पलंगावर बसून मोबाईलवर धडाधड टाईप करतेय, शुद्धलेखनाचं तुम्ही बघा, आणि बाहेर आई कुकर लावतेय. भुवई तिनेच घालवली. जी बाई इतकी वर्षं एक केस इकडचा तिकडे होऊ देत नाही, तिने. आणि मला इतकं बरं वाटतंय आणि इतकं रडू येतंय की आधी काय करू कळत नाहीये. पण तुम्हाला हे कळायचं तर मागचं सगळं माहीत पाहिजे, म्हणून मागे जाते.

आईचं पार्लर म्हणजे आमची गॅलरीच. काचा लावून बंद केलेली, एका बाजूला आरसा, दुसऱ्या बाजूला कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, त्यामुळे गिऱ्हाईक बायका फेशियल करून घेताना वर बाबांचे बनियन बघत पडलेल्या असायच्या. खुर्ची बाबांनी कुठल्यातरी बंद पडलेल्या सलूनमधून आणली होती. तिची पाठ खाली जायची पण परत वर यायची नाही, मग मी मागून ढकलायचे. वॅक्स आई घरीच करायची, साखर आणि लिंबू, त्याच गॅसवर, एका शेगडीवर आमटी आणि दुसरीवर वॅक्स. जिन्यात लिंबू-साखरेचा असा काही वास सुटायचा की नवीन भाडेकरू विचारायचे, तुमच्याकडे रोज गोड असतं का. दादा लहानपणी एकदा पाक समजून तो चमचाभर खाऊन बसला होता. त्याचे दात चिकटले. आई आधी ओरडली, मग त्याचं तोंड उघडेना म्हणून घाबरली, आणि मग कोमट पाण्याच्या चुळा भरवता भरवता इतकी हसली की खाली बसली. मला हे आठवत नाही, मी झाले नव्हते, पण आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीये की मला त्या चमच्याचा रंगसुद्धा माहितीये.

आयब्रो करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं, हे तुम्ही बघितलं असेलच. म्हणजे काय, की करणारीला बोलता येत नाही. पडलेली बाई डोळे मिटून, स्वतःच्या बोटांनी कातडी ताणून धरून, जगातलं सगळं बोलते आणि करणारी फक्त "हं" म्हणते. आईकडे किती प्रकारचे हं होते. हो का, छान, असा एक. काय सांगताय, असा एक. तुमची सासू पण ना, असा एक, तो नाकातून यायचा. अख्ख्या गल्लीची गुपितं आईच्या पोटात होती आणि एकही बाहेर पडलं नाही. त्यावरून आमच्या घरात म्हणच पडली होती. कोणाला गप्प बसवायचं असलं की आई म्हणायची, "तोंडात दोरा." मी शाळेतून येऊन दादाच्या मैत्रिणीबद्दल काही बोलायला लागले की दादा डोळे वटारायचा, "सई, तोंडात दोरा."

पण तोंड बंद असलं म्हणून काय झालं, आईचा हात बोलायचा. तिचा मूड चांगला असला की भुवया भरलेल्या, छान कमानदार. मूड गेला की दोरा जरा जास्तच आत जायचा आणि भुवई बारीक. चिडली असली की अजून बारीक. एकदा तिच्या आणि वणीच्या मामीच्या फोनवरून काहीतरी बिनसलं, त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या बायका सगळ्या एकदम आश्चर्यचकित दिसत होत्या. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू तर म्हणायच्या, "वैशालीचं आणि तुझ्या बाबांचं वाजलं की खर्च आम्हाला येतो गं, पेन्सिल लावत फिरावं लागतं." पण जायच्या नाहीत कुठे दुसरीकडे. कारण चांगल्या मूडमधली आई म्हणजे काय विचारता, ती गिऱ्हाइकाला उठवून चहा पाजायची, मुगाची खिचडी टाकलीये खाऊन जा म्हणायची, रडणारीचं डोकं दाबून द्यायची.

आणि बाबा. बाबा अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला होते. संध्याकाळी जिन्यात जोशीकाकू भेटल्या की ते आधी काकूंच्या कपाळाकडे बघायचे. भुवया भरलेल्या असल्या तर सरळ वर. बारीक असल्या तर मला खालून फोन, "सई, मी जरा दूध घेऊन येतो." घरात दूध असायचं. बाबा अर्धा तास नाक्यावर उभे राहून मग जिलेबीचा पुडा घेऊन वर यायचे. मला सगळ्या बायका वेधशाळा म्हणायच्या, कारण यायच्या आधी फोन मलाच करायच्या. "काय गं वेधशाळा, आज कसंय?" आई जवळच असायची, मग मी म्हणायचे, "काकू, आज वॅक्स करा." म्हणजे आयब्रोच्या वाटेला जाऊ नका. सगळ्यांना कळायचं. आईलाही कळत होतं, असं मला आता वाटतं. ती एकदा टॉवेलच्या घड्या घालता घालता म्हणाली होती, "आज मी बरी आहे हो, सांग त्यांना." आणि हसली होती.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगतेय कारण ती गंमतच होती. पण दादाला ती गंमत वाटायची नाही, हेही सांगायला हवं. तो माझ्यापेक्षा मोठा, त्याच्या वाट्याला तरुण आई आली, म्हणजे जास्त तापलेली. मामाच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही वणीजवळच्या त्यांच्या गावी गेलो होतो. मांडवात कोणीतरी आईला म्हणालं, तुमच्या हातचं नको, नवरीचा मेकअप नाशिकच्या मोठ्या पार्लरवाली करणारे. झालं. आई जेवणाच्या भरल्या ताटावरून उठली आणि गावाबाहेर एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली. तिला आणायला दादाला पाठवलं. तो तेव्हा दहावीत असेल. तो सगळ्या पंगतीसमोरून गेला आणि एकटाच परत आला. मामा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या आईचं लय अवघड हाय बाबा." लोक हसले. दादा नाही हसला. मी तेव्हा लाडू खात होते, पण त्याचे कान लाल झालेले मला अजून दिसतात.

मग दादा शिकला, पुण्याला नोकरीला लागला, महिन्यातून एकदा यायचा, मग दोन महिन्यांतून. आल्यावर बॅग ठेवायच्या आधी मला हळूच विचारायचा, "कसंय आज?" आई त्याच्यासाठी शेव-भाजी करायची, आणि तो येणार त्या दिवशी ज्या बाया यायच्या त्यांच्या भुवया बघायला लांबून यावं अशा व्हायच्या.

आता तो दिवस. मी अकरावीत होते, दुपार होती, मी आईच्या हाताखाली पावडर आणि कापूस घेऊन उभी होते. जोशीकाकूंकडे त्यांची कोणी लांबची नातेवाईक आली होती पुण्याहून, त्या बाईंना काकूंनी वर पाठवलं होतं. गोऱ्या, बोलक्या, छान होत्या. खोटं कशाला सांगू, मला खूप आवडल्या. पडल्या पडल्या सुरूच झाल्या.

"भाचीचं ठरलं माझ्या. परवाच साखरपुडा झाला पुण्यात. मुलगा तुमच्या नाशिकचाच बरं का."

"हं," आई म्हणाली. हो का, छान, वाला.

"गुणी आहे मुलगा. पण घरून कोणीच आलं नाही हो. आम्ही म्हटलं असं कसं, आईवडील नकोत का. तर म्हणाला, मावशी, आईचं काही सांगता येत नाही, सगळं मूडवर असतं तिचं. भर कार्यक्रमात कशावरून तरी बिनसेल आणि उठून जाईल. लग्नाला आणतोच, पण साखरपुडा आपण शांततेत करून घेऊ."

"हं." हा काय सांगताय, वाला.

"आमची ताई तर घाबरलीच आहे, अशी विहीण म्हटल्यावर. पण मी म्हटलं, त्या पोराचा विचार कर. आईचा मूड सांभाळत मोठा झालाय बिचारा. लहानपण असं गेलं की माणूस कायम पाहुण्यासारखाच वागतो, नाही?"

आईचा तुमची सासू पण ना, वाला हं आलासुद्धा. नाकातून. म्हणजे ती त्या आईला नावं ठेवत होती. एक भुवई झाली, मी पावडर लावली, आणि बाईंनी डोळे उघडून पर्स ओढली. "थांबा, फोटो दाखवते. तुमच्या ओळखीचा पण निघायचा."

आईच्या दातात दोरा तसाच होता. बाईंनी मोबाईल आधी माझ्यापुढे धरला मग आईपुढे. दादा होता. मोतिया रंगाच्या कुर्त्यात, गळ्यात हार, हसत. तो कुर्ता आईने दिवाळीला मेनरोडवरून घेतला होता, मी बरोबर होते, बाही लांब होईल का म्हणून दुकानदाराच्या हाताला लावून बघितली होती.

"निखिल नाव," बाई म्हणाल्या. "देखणा आहे ना?"

आईने मान हलवली. बाईंनी मोबाईल ठेवला, डोळे मिटले, दुसरी भुवई ताणून धरली. मला वाटलं, गेली आता ही भुवई. मी खरंच डोळे मिटून घेतले. वर पंखा फिरत होता आणि खाली दोऱ्याचा आवाज, सर्र सर्र सर्र, अगदी एकसारखा, ना जोरात ना हळू. असा आवाज मी आईच्या दोऱ्याचा कधी ऐकला नव्हता. डोळे उघडले तर भुवई अशी झाली होती की कोणी पेनने काढावी. आईने दोरा तोंडातून काढला. म्हणाली, "देखणा आहे. हा आरसा घ्या, बघा."

"अय्या, पुण्यातसुद्धा अशा करत नाही कोणी," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर आईने टॉवेल झटकला. मी म्हटलं, "आई, तो आपला दादा..." आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोंडात दोरा."

आणि संध्याकाळी बाबा. त्यांना जिन्यात जोशीकाकू नाही, त्या पाहुण्याच भेटल्या. बाबा सरळ वर आले, चपला काढायच्या आधीच म्हणाले, "अगं खाली एक बाई दिसल्या, काय सुरेख भुवया केल्यास. आज एकदम खूश दिसतेस. जिलेबी आणू का?" आई म्हणाली, "आणा." आणि बाबा शीळ घालत गेले. ती जिलेबी आम्ही तिघांनी खाल्ली. आईनेच वाढली. त्यांना तिने कधी सांगितलं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले नाहीत आणि गॅलरीतल्या खुर्चीचा स्क्रू पिळत बसले होते, जो कधीच बसणार नव्हता.

दादाचा फोन काही दिवसांनी आला. मी शेजारीच होते. साखरपुडा घाईत करावा लागला, तिच्या आजोबांची तब्येत वगैरे. आई म्हणाली, "अरे वा, छान झालं." तिकडून दादाने विचारलं, "तू चिडली नाहीस?" "नाही रे, चिडायचं काय त्यात. मुलगी कशी आहे?" नंतर तो मला वेगळा फोन करून म्हणाला, "आईला काय झालंय गं? कित्ती शांत झालीये. मी उगाच घाबरलो." तो इतका आनंदात होता. मला त्याला सांगायचं होतं, पण आईने मला शपथ घातली होती. आणि आईने मला आयुष्यात दुसरी कुठली शपथ घातलेली नाही.

लग्न पुण्याला झालं. आपल्याकडे त्या एका दिवशी वरमाईला रुसायचा हक्कच असतो, नाही का. तिने रुसायचं, मुलीकडच्यांनी मनवायचं, हसायचं. मुलीकडच्यांनी रुसवा काढायला साडी, चांदीची वाटी, सगळं तयारच ठेवलं होतं, धसकाच घेतला होता ना त्यांनी. आणि ते ताट घेऊन पुढे कोण आलं, तर त्याच मावशी. त्यांनी आईकडे बघितलं आणि त्यांचं ताट वाकडं झालं, वाटी खाली पडून गोल गोल फिरत राहिली. आईने वाकून वाटी उचलली, ताटात ठेवली आणि म्हणाली, "भुवया छान राहिल्यात तुमच्या."

मागून कोणीतरी ओरडलं, "विहीणबाई, रुसा की जरा, आम्हाला मनवायला काहीतरी ठेवा." आई हसली. "नाही हो, माझा तसा स्वभाव नाही." दादा मुंडावळ्या बांधून तिथेच उभा होता. त्याने आईला कौतुकाने मिठी मारली. सगळे म्हणाले काय गोड बाई आहेत. मावशी मात्र बाजूला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आई सगळ्या पंगती संपेपर्यंत बसली, सगळ्यांत शेवटी उठली.

त्यानंतर आईने कोणाची भुवई बिघडवली नाही. कोणाचीच. गंगापूर रोडवरून बायका गाड्या घेऊन यायला लागल्या, आधीपासून नंबर लावायला लागल्या. ताईंचा हात काय बसलाय, म्हणायच्या. मला फोन यायचे बंद झाले. वेधशाळा बंदच पडली, कारण रोजचं हवामान तेच. ना ऊन ना पाऊस. तिने खिचडी खाऊन जा म्हणणंही बंद केलं, कोणाचं डोकं दाबणंही. गिऱ्हाईक यायचं, पडायचं, एकसारख्या दोन भुवया घेऊन जायचं. बाबा रोज सरळ घरी यायला लागले. तरी जिन्यात जोशीकाकू भेटल्या की सवयीने कपाळाकडे बघायचे. एकदा वर येऊन मला हळूच म्हणाले, "काही कळत नाही गं आता."

दादा सणावाराला येतो, वहिनी चांगली आहे, आई त्यांच्याशी गोड बोलते. दादा मला म्हणतो, बघ, वय झालं की माणूस निवळतो. आता मी स्वतः नोकरी करते ना, ऑफिसमध्ये सारखं ऐकते की घरचा मूड घरी ठेवून या. मला दरवेळी वाटतं, ठेवता येतो. माझ्या आईला येतो. पण मग तो घरीही सापडत नाही.

तर आज. मला बंगळूरला नोकरी लागलीये. पत्र येऊन आठवडा झाला आणि मी घरात बोलले नाही. आई चिडेल याची भीती नव्हती हो. चिडणार नाही, याची होती. ती अरे वा, छान झालं म्हणेल आणि मी दुसरा दादा होईन. मग आज दुपारी म्हटलं, आई, आयब्रो करून दे. खुर्चीत पडले, उजवी झाली. डावी ताणून धरली आणि डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं, बंगळूर, पुढच्या महिन्यात, बहुतेक कायमचंच.

"हं," आई म्हणाली. आणि दोरा असा आत गेला की माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. सर्र, आणि थांबला. मी डोळे उघडले. आई दोरा दातात धरून माझ्या भुवईकडे बघत होती.

"हललीस का?" तिने दोरा काढून विचारलं.

"नाही."

"मग गेली कशी?" ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "एवढ्या लांब कशाला जायचंय मरायला? नाशकात नोकऱ्या नाहीत का? मला नाही आवडलेलं हे, सांगून ठेवते. मला अजिबात आवडलेलं नाही." आवाज असा चढला की खाली जोशीकाकूंच्या दाराची कडी वाजली. मी रडायलाच लागले, आणि हसायला पण. ती अजूनच चिडली, "हसतेस काय, भुवई बघ आरशात." मग ती स्टुलावर बसली, दोरा बोटाला गुंडाळत, सोडत. आणि खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याच्या साखरपुड्यात मी काही बोलले नसते गं. मागे खुर्चीवर बसले असते. उठलेसुद्धा नसते."

बस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तिचा हात धरला. तेवढ्यात बाबा कामावरून आले. त्यांनी दारातून माझ्याकडे बघितलं, माझ्या डाव्या भुवईकडे, मग आईच्या पाठीकडे. त्यांचा चेहरा मला सांगता येत नाही. त्यांनी काढलेली चप्पल परत घातली आणि म्हणाले, "मी जरा दूध घेऊन येतो."

ते अजून परत आलेले नाहीत. आई बाहेर कुकरवर भांडी आपटतेय. मी इथे अर्ध्या भुवईने बसलेय आणि दादाचा नंबर काढून ठेवलाय, अजून लावला नाहीये. तुम्हीच सांगा, तुमच्याकडे झालंय का असं कधी? घरातलं कोणीतरी एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं, हातातलं काम एकदम चुका न होता व्हायला लागलं, आणि तुम्ही सगळे म्हणालात की चला, बरं झालं?